गल्लीच्या तोंडाशी

नवऱ्याला धड झोप मिळावी, एवढंच शिवणकाकूंना हवं होतं. यापेक्षा साधं मागणं जगात दुसरं नसेल. पण साधं मागणं सरळ तोंडाने मागितलं नाही की त्याचे कसे धिंडवडे निघतात, ते काकूंनी त्या वर्षी पुरेपूर बघितलं.

काकूंचं घर गल्लीतलं पहिलं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि दोरीवर टांगलेल्या लोकांच्या पँटी. कुणाची चेन बदलायची, कुणाची उंची कमी करायची, कुणी चार महिन्यांत जाड झालेलं, त्याची शिवण उसवून कंबर सैल करायची. बाजूला झोपायची खोली, तिची खिडकी गल्लीत उघडायची. नवरा पावाच्या भट्टीवर, कायमचा रात्रपाळीला. उजाडता उजाडता घरी यायचा, केसांत पीठ, डोळे लाल. चहा प्यायचा आणि आडवा व्हायचा. डोळा लागतो न लागतो तोच कचऱ्याची गाडी यायची.

गल्ली एकीकडून बंद. गाडी मोठी, आत वळायला जागा नाही, म्हणून ड्रायव्हर ती उलटी आत घ्यायचा. आणि गाडी उलटी निघाली की पीं पीं पीं पीं सुरू, ते थेट शेवटच्या घरापर्यंत. नवरा ताडकन उठून बसायचा. एकदा उठला की गेली झोप. मग दिवसभर नुसता कूस बदलत पडायचा आणि संध्याकाळी आंबलेल्या तोंडाने डबा घेऊन कामाला निघायचा.

काकूंनी काय काय करून बघितलं नाही! कानात कापसाचे बोळे घातले. खिडकीला दुहेरी कापडाचा, मध्ये स्पंज घातलेला पडदा शिवला. आवाज तेवढाच आला, वारा मात्र यायचा बंद झाला. नवरा आता घामाने उठायला लागला.

मग ती रात्र आली. भट्टीच्या तोंडाशी उभ्या उभ्या त्याला डुलकी लागली आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत तापलेल्या दाराच्या कडेवर टेकला. घरी आला तो हाताला फडकं गुंडाळून.

"मुकादमाला काय सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"ट्रे निसटला म्हणून सांगितलं. आणि हे बघ, कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही."

मुकादम त्याच गल्लीत राहायचा, मधल्या घरात. माणूस वाईट नव्हता, पण भट्टीच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकायचा नाही. पेंगणारा माणूस आगीपुढे उभा करायचा नाही, असा त्याचा कायदा. एकाला त्याने याच कारणावरून भट्टीवरून हटवलं होतं. आणि काकूंच्या नवऱ्याचा सगळा मान त्या भट्टीत होता. पाव किती फुगलाय हे तो वासावरून सांगायचा. काकूंनी गुपचूप लांब बाह्यांचे शर्ट शिवायला घेतले.

"वहिनींना तरी सांगू या का?" काकू म्हणाल्या.

"वहिनीला? त्यापेक्षा दवंडीच पिट ना!"

यात त्याचं काही चुकत नव्हतं. वहिनी म्हणजे काकूंची थोरली जाऊ. दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती, ती गल्लीच्या पार शेवटच्या घरात एकटी राहायची. आवाज पहिल्यापासूनच खणखणीत, आणि ऐकू येईनासं झाल्यापासून तर तो आणखी चढला होता. तिला काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागे, आणि ती त्याच्या दुप्पट ओरडून विचारी, "काऽय? भाजलं? कुठं भाजलं?" तिच्याशी कुजबुजायची सोयच नव्हती. गल्लीतली गुपितं तिच्या दारापर्यंत जातच नसत.

तेवढ्यात नगरपालिकेची नोटीस आली. घराघरांतला कचरा गोळा करण्याचं नवं धोरण ठरवायचं आहे, नागरिकांनी हरकती आणि सूचना मांडाव्यात, अमुक दिवशी शाळेच्या सभागृहात यावं. एरवी असल्या नोटिशीला काकू चिंचोक्याचीही किंमत देत नसत. पण या वेळी त्यांनी ती नीट वाचली आणि कंबर कसली. गाडी गल्लीत यायचीच बंद केली तर?

काकू घरोघर फिरल्या. पण खरं कारण कसं सांगणार? म्हणून त्यांनी दुसरी कारणं शोधली, आणि काकूंच्या जिभेला काही हाड नव्हतं. पोरं खेळतात हो गल्लीत, उद्या गाडीखाली एखादं आलं म्हणजे? डिझेलचा धूर केवढा, वाळत घातलेले कपडे काळे होतात. फरशा फुटल्या बघा चाकांनी. सगळ्यांनी माना डोलावल्या. निवृत्त मास्तर तर इतके खूश झाले की त्यांनी गल्लीतर्फे बोलायला काकूंनाच उभं केलं.

सभागृहात लोक मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. समोर टेबलाशी नगरपालिकेच्या अधिकारी बाई, त्यांच्यापुढे एक छोटी घंटी. प्रत्येकाला दोन मिनिटं, मग टिंग. त्या दिवशी माईक बिघडलेला होता. काकूंनी खणखणीत आवाजात पोरं, धूर, फरशा सगळं मांडलं आणि शेवटी म्हणाल्या, "आपापले चाकांचे कचऱ्याचे डबे आम्ही गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवू. गाडी तिथूनच भरून घेऊ द्या."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात शेजारणीने कानात ओरडून सांगितलेलं ऐकून मागच्या बाकावरून थोरली उठली.

"मला डबा ओढत तिथवर नेता येत नाही! गुडघे गेलेत माझे. आणि गाडीचा एवढा त्रास कुणाला होतोय? मला तर कधी झाला नाही!"

जुळून आलेलं सगळं ही बाई आता मोडणार. डोळ्यांपुढे नवऱ्याचा फडक्यातला हात आला, आणि तोंडातून फाडकन निघून गेलं, "ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांना कसला त्रास!"

सगळं सभागृह हसलं. थोरलीला अर्थातच ऐकू गेलं नाही. तिने फक्त हसणारी तोंडं बघितली. शेजारणीला विचारलं, "काय म्हणाली गं ती?" शेजारणीने नजर चुकवली. थोरली हळूच खाली बसली, आणि त्या दिवसापासून काकूंच्या घरी यायची बंद झाली.

काकूंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. नगरपालिकेने त्यांची सूचना मान्य केली, तेव्हा तिचा डबा आपणच ओढून आणू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण थोरलीने पहिल्याच दिवशी मुकादमाच्या बायकोला डबा ओढून न्यायला दिला होता, आणि काकू तशाच मोकळ्या हातांनी परतल्या.

आता आपलं घर कोपऱ्यावर आहे असं कुणालाच वाटत नाही. घर ते घर असतं, कोपरा दुसऱ्या कुणाचा तरी असतो. काकू इतके दिवस 'गल्लीचं तोंड, गल्लीचं तोंड' करत गावभर फिरल्या, पण ते तोंड म्हणजे आपल्या झोपायच्या खोलीची खिडकी, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

ते डोक्यात आलं नव्या पद्धतीच्या पहिल्या सकाळी. आदल्या संध्याकाळपासूनच माणसं डबे आणून खिडकीखाली भिंतीला लावून ठेवत होती. काकूंना वाटलं, उद्या सांगू जरा पुढे ठेवायला. पण पुढे रस्ता होता आणि समोरच्या बाजूला विजेचा खांब. सकाळी गाडी आली. पीं पीं नाही, काही नाही, गपचूप येऊन उभी राहिली. काकू खूश. आणि मग सगळ्या गल्लीचे डबे एकामागून एक तिच्या यंत्राने उचलून, उलटे करून, आपटून, परत खाली आदळायला सुरुवात झाली. त्यात तो बाटल्या-काचा उचलायचा, बाटल्यांचा वार होता. गल्लीतल्या एकूण एक घरातली काच खिडकीखाली खळ्ळकन कोसळली.

नवरा दारात येऊन उभा राहिला, लुंगी एका हातात धरून. "हे काय आहे?"

"हे," काकू म्हणाल्या, "मी करून घेतलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधीची गाडी पीं पीं करून पुढे निघून तरी जायची. ही खिडकीखालीच ठाण मांडायची. शिवाय डबे रिकामे झाले तरी न्यायला लोक संध्याकाळपर्यंत यायचे, आणि आपापल्या सवडीने खडखड करत न्यायचे. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून माप देऊ लागली.

पण गल्ली मात्र खूश होती, आणि हेच अवघड झालं. मुलांना खेळायला मोकळं रान मिळालं. कुणी दारात कुंड्या मांडल्या. मास्तर सकाळी गल्लीत खुर्ची टाकून पेपर वाचू लागले. जो तो काकूंना भेटून सांगे, "तुमच्यामुळे झालं हो हे!" काकू हसून मान हलवत आणि आत जाऊन स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत. कारण खोटं सांगितलं होतं, तर इलाजही त्या खोट्या कारणावरच झाला होता. पोरं सुखी झाली, फरशा वाचल्या, आणि ज्याच्यासाठी केला अट्टहास तो जागाच राहिला.

नवरा दिवसेंदिवस उतरत चालला. एका संध्याकाळी जेवताना हातातला घास तोंडाशी नेता नेता तो झोपला. घास ताटात पडला तरी त्याला कळलं नाही. काकूंनी तो हात हलकेच सरळ करून बघितला. तळव्यावर नवा फोड होता.

"हा कधीचा?"

"कालचा. काही नाही गं ते."

हात झाला, तळवा झाला, आता पुढे काय? भट्टीचं तोंड माणूस वाकून आत बघेल एवढं असतं. काकूंना त्या दिवशी भीती वाटली ती अशी की शिवताना पायही मशीनवर चालेना.

आणि नेमकी त्याच आठवड्यात दुसरी नोटीस आली. नवी पद्धत काही महिने करून बघितली, आता ती कायम करायची की नाही, पुन्हा हरकती आणि सूचना. मास्तरांच्या अंगणात गल्ली जमली. एकमुखाने ठरलं, कायम करा. आणि गल्लीतर्फे बोलणार कोण? काकूंशिवाय आहे कोण दुसरं!

"अहो, मला नका," काकू म्हणाल्या.

"आता भाव खाऊ नका," मास्तर म्हणाले. "तुम्हीच सुरू केलंत, तुम्हीच शेवट करा."

घरी येऊन काकूंनी नवऱ्याला सांगितलं, "मी तिथे खरं बोलणार आहे."

"मुकादम असेल तिथे."

"असू दे."

"माझी भट्टी जाईल."

"भट्टी गेली तर चालेल मला," काकू म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर नाही चालणार."

तो पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. झोप त्याला तेव्हाही लागली नव्हती.

सभागृह तेच, बाकं तीच, घंटी तीच. फक्त या वेळी माईक दुरुस्त झाला होता, आणि दोन्ही भिंतींवरच्या कर्ण्यांतून आवाज घुमत होता. थोरली मुकादमाच्या बायकोचा हात धरून आली आणि थेट कर्ण्याखाली जाऊन बसली. काकूंकडे तिने बघितलंही नाही.

काकू उभ्या राहिल्या. आधी गल्लीचं मत सांगितलं, जसं ठरलं होतं तसं, काही कमी न करता. पद्धत चांगली आहे, मुलांना मोकळीक आहे, ती कायम करावी. मास्तरांनी टाळी वाजवायला हात उचलले.

"हे गल्लीचं झालं," काकू म्हणाल्या. "आता माझं. मागच्या वेळी मी तुम्हाला पोरं, धूर, फरशा असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण त्याच्यासाठी मी आले नव्हते. माझा नवरा रात्रपाळीला आहे. त्याला दिवसा झोप मिळत नाही. म्हणून मला गाडी गल्लीबाहेर हवी होती. आता ती माझ्या खिडकीखाली आली. झोप नाही म्हणून तो भट्टीपुढे पेंगतो. त्याचा हात भाजला तो ट्रे निसटून नाही, डुलकी लागून भाजला. आता तळवाही भाजलाय. मला भीती वाटते. एवढंच."

मुकादम मान खाली घालून बुटाच्या टोकाकडे बघत होता. काकूंना तिकडे बघवेना.

अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमची अडचण मी नोंदवते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं हे दिसत होतं. "पण कचरा कुठे तरी ठेवावाच लागेल ना? तुम्हीच सांगा, दुसरं कुणाचं दार सुचवता?"

काकूंनी सभागृहावरून नजर फिरवली. गल्लीतला जो तो आपल्या गुडघ्यांकडे बघायला लागला. कुणाचं दार सांगायचं? ज्याचं सांगावं त्याच्या खिडकीत तेच व्हायचं.

"नाही सुचत," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तेवढ्यात थोरली उठली. कर्ण्यातून आलेला शब्दन्‌शब्द तिने ऐकला होता.

"अगं ए शहाणे!" ती काकूंवर ओरडली. तिला माईकची गरजच नव्हती. "डबे कशाला हलवत बसलीस? त्याला हलव की! माझ्या मागच्या खोलीत पलंग रिकामा पडलाय. तिथे ना गाडी येत, ना डबा वाजत. झोपायला माझ्याकडे पाठवायचं, एवढी साधी गोष्ट नाही सुचली?"

अधिकारी बाई हळूच म्हणाल्या, "आजी, तुम्ही नाव नोंदवून—" आणि घंटी वाजवली. टिंग.

"मी लग्न होऊन आले तेव्हा तो एवढासा होता! माझ्या मांडीवर झोपायचा! आणि त्याचा हात भाजला ते मला आज सगळ्या गावाबरोबर कळतंय!"

टिंग, टिंग.

"वाजवू नका हो ते," मास्तर अधिकारी बाईंना म्हणाले. "त्यांना ऐकू येत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर काकूंनी थोरलीला गाठलं. डोळे भरून आले होते. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "वहिनी, मागच्या वेळी मी तुम्हाला जे बोलले ना..."

"काय बोललीस?" थोरली सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "मला काही ऐकू आलं नव्हतं." आणि त्यांच्या दंडाला धरून एक एक पायरी उतरू लागली.

पद्धत कायम झाली. डबे होते तिथेच राहिले. आणि मुकादमाने त्याच रात्री काकूंच्या नवऱ्याला भट्टीवरून काढून पाव बांधायच्या टेबलाला लावला. तो सकाळी घरी आला, "गेली भट्टी" एवढंच म्हणाला, उशी बगलेत मारली आणि वहिनीच्या घराकडे चालू लागला. काकूंशी तो आठवडाभर धड बोलला नाही. काकूंनीही त्याला समजावायला जाऊन तोंड वाजवलं नाही. रुसेना का, रुसायला जिवंत तर आहे.

मग एके दिवशी मुकादम शर्टाला बटण लावून घ्यायला आला. दारात उभा राहून म्हणाला, "तोंडावर झोप दिसते तोवर भट्टी नाही, हे त्याला माहीत आहे. पुरी झालेली दिसली की मीच बोलावीन. पाव त्याच्यासारखा कुणाला जमत नाही, ते काय मला कळत नाही?" काकूंनी ते बटण जरा जास्तच टाके घालून पक्कं केलं.

पुढच्या बाटल्यांच्या वारी खिडकीखाली नेहमीचा कल्लोळ झाला. काकू मशीनवर बसून तो सगळा ऐकत राहिल्या. रिकामी खोली, रिकामा पलंग, नुसता आवाज. गाडी गेल्यावर त्या उठल्या, थोरलीचा रिकामा डबा शोधला आणि ओढत गल्लीच्या टोकाकडे निघाल्या. मुकादमाच्या बायकोला त्यांनी आता या कामातून मोकळं केलं होतं.

लांबूनच थोरली दिसली. दारात खुर्ची टाकून, काठी आडवी धरून बसली होती. चेंडू खेळणाऱ्या पोरांना बोटाने गप्प करत होती. पोस्टमनला गप्प करत होती. मास्तर पेपरचं पान उलटत होते, तर त्यांच्याकडेही डोळे वटारून बघत होती. कोण किती आवाज करतंय ते तिला कळायला मार्ग नव्हता, म्हणून ती सरसकट सगळ्यांनाच दटावत होती.

काकूंच्या हातातल्या डब्याची चाकं फरशीवर खडखडत होती. थोरलीने त्यांना बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी तो डबा, वास येत होता तरी, दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला आणि पाय न वाजवता दारापर्यंत आल्या.

"हळूऽ!" थोरली इतक्या मोठ्याने ओरडली की मास्तरांच्या हातातून पेपर पडला. "धाकटा झोपलाय!"

काकू दचकून जागच्या जागी थांबल्या आणि आतल्या खिडकीकडे बघू लागल्या. आतून घोरण्याचा आवाज येत होता. तो जराही थांबला नाही. लहानपणापासून तो त्याच आवाजात झोपत आला होता.